अर्धा इंच म्हणजे एक फूट

या गं, अशा लांब लांब काय बसलाय? सरका जवळ. आणि आधी कान पकडा. मागच्या आठवड्यात या ग्रुपवर एका ताईंनी आपला अनुभव लिहिला, तर खाली केवढी ती थट्टा केलीत! हसायला माझी ना नाही, मीही हसतेच. पण माणसाचं बोलणं पुरं होऊ द्यावं की नाही? माझं तरी शेवटपर्यंत ऐका, मग काय हसायचं ते हसा.

मी असलं काही मानणारी बाई नव्हे, हे पहिलंच सांगते. चौथीनंतर शाळा सुटली, पण वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकला नाही. आमच्या रहिमतपूरला एकीच्या अंगात यायचं, तिला मी तोंडावर म्हटलं होतं, "देवी आलीच आहे तर तिला म्हणावं, कुरडयांचा चीक हाटून दे." आईनं असा चिमटा काढला होता... तर अशी मी.

गोष्ट चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरची. आम्ही तेव्हा सांगलीत, कुपवाडच्या रस्त्याला राहायचो. आमचे हे कुपवाडला एका कारखान्यात टर्नर होते. पत्र्याचं छप्पर, दोन खोल्या, पण मागं अंगण मोठं... एक लिंबाचं झाड, कढीपत्ता, अबोली. मूलबाळ नव्हतं. ह्यांचे वडील रेल्वेत गँगमन. जुनी छोटी लाईन उखडून मोठी लाईन आली तेव्हा ह्यांना फार लागलं ते. बोलून दाखवलं नाही. एके दिवशी सायकलला लोखंडी पट्ट्या बांधून घेऊन आले आणि लिंबाच्या झाडाभोवती रूळ टाकायला बसले! वखारीतल्या ढलप्यांचे स्लीपर, ट्रकच्या वायपरची जुनी मोटर, बॅटरी... तीन महिन्यांत इंजीन पळायला लागलं. मागं दोन डबे.

मी म्हटलं, "गाडी पळतीया खरी, पण जातीया कुठं? लिंबाला फेरे घालतीया, वटपौर्णिमेसारखी."

"मग तू गाव कर की," हे म्हणाले.

झालं! मी गाव करायला घेतलं. पहिली केली पिठाची गिरणी. फळकुटाचा खोका, वरून माती-शेणाचा गिलावा. मोठ्या हौशीनं दाखवली. ह्यांनी खिशातली स्टीलची पट्टी काढली, दाराला लावली आणि म्हणाले, "ह्या दारातनं हत्ती दळाण घिऊन जाईल." मग बसवून शिकवलं मला. अर्धा इंच म्हणजे एक फूट. माणूस पावणेतीन इंचाचा. दार तीन इंचाचं. इथं अर्ध्या इंचाची चूक झाली तर तिथं त्या माणसाला फूटभर चुकतं, असं म्हणायचे. जणू खरंच कुणी राहायला येणार होतं तिथं!

आणि त्यात मला मदतीला सुमी. नाव बदललंय हं, जिचं आहे तिला कळेल. शेजारच्या पारूवहिनींची मुलगी. वडील नव्हते तिला. शाळेतून आली की दप्तर आईकडं आणि पोरगी माझ्याकडं. मातीची नखाएवढी कौलं थापायची, बंबाच्या राखेत भाजायची, खिडक्यांना डॉक्टरांकडच्या जुन्या एक्स-रेच्या फिल्म धुऊन काच म्हणून लावायची... स्टेशन, मालधक्का, दत्ताचं देऊळ, चहाची टपरी, सगळं आम्ही दोघींनी केलं.

अठरावं सरलं आणि तिचं लग्न ठरलं. मुलगा मिलिटरीत, घर उंब्रजला. निघताना पोरगी मला बिलगून काय म्हणाली? "मावशी, सगळ्यांची घरं केली. माझं कुठाय?"

मग केलं मी तिचं घर. स्टेशनच्या मागच्या अंगाला, जोतं, ओटा, तुळस. आणि दारात खराट्याच्या दोन काड्या रोवून धुण्याची दोरी. तिच्या लग्नातली एक पोपटी वायलची साडी होती, तांबड्या ठिपक्यांची. तिच्या ब्लाऊजपीसची चिंधी माझ्याकडं उरलेली. हे म्हणाले, "पाचवारी म्हणजे पंधरा फूट, साडेसात इंच लांब काप. पन्हा पावणेदोन इंचाच्या वर एक सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढीच कापली. ठिपके दिसावेत म्हणून दोरीवर उलगडून लांब टाकली. खालचा काठ जमिनीपासून दोन बोटं वर, हे नीट लक्षात ठेवा.

दिवाळीला सुमी आली तेव्हा ती दोरी बघून पोट धरून हसली होती. संक्रांतीला तिला कुणी पाठवलं नाही. पत्रं यायची, तीही बंद झाली. पारूवहिनी म्हणायच्या, "रमली आसंल संसारात. बरंच हाय की."

फाल्गुन लागला होता. ऊन मी म्हणत होतं. अंगणात कुरडया घातल्या होत्या म्हणून दुपारी बारा-साडेबाराला कावळे हाकलायला गेले, तर सुमीच्या दारातली साडी ओली. फक्त खालचा काठ. आजूबाजूला, अगदी काठाखालच्या जमिनीवरही, ठणठणीत कोरडं. शेजारच्या चिमुकल्या घराच्या दोरीवर एक धोतर होतं, तेही कोरडं. म्हटलं पोरांनी पाणी उडवलं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्याच वेळेला. जरा जास्त. तिसऱ्या दिवशी मी सकाळीच त्या घरावर कोंबड्यांचं डालगं पालथं घातलं, वर पाटा ठेवला आणि अंगणातून हलले नाही. बाराच्या पुढं डालगं उचललं...

साडी ओली. थेंब गळत होते.

आणि वास! नळाच्या पाण्याला वास नसतो. याला गाळाचा, शेवाळाचा वास होता. नदीचा.

रविवारी हे घरी होते. मी काही न सांगता ह्यांना दुपारी तिथं उभं केलं. ते उकिडवे बसले, न्याहाळत राहिले. पातळ वायल, ओलावा कसा वर चढायला हवा, पसरायला हवा. तसं नव्हतं. शाईनं आखावी तशी सरळ रेघ. खाली ओलं, वर कोरडं. ह्यांनी सवयीनं पट्टी लावली.

"पाऊण इंच," म्हणाले. आणि सवयीनंच पुढं, "दीड फूट."

"काय दीड फूट?"

"पाणी."

बोलून गेले आणि आम्हां दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं, उंब्रजला नदी आहे. माझ्या हातातली काठी खाली पडली, ती कुणी उचलली नाही. कुरडयांवर कावळे बसले, बसू दिले.

सोमवारी मी पट्टी लावली. एक इंच. म्हणजे दोन फूट... गुडघ्याच्या वर. मंगळवारी सव्वा इंच. मांडीपर्यंत.

मंगळवारीच मी पारूवहिनींकडं धावले. म्हटलं, वहिनी, सुमीला आणा. आत्ताच्या आत्ता आणा. त्या डाळ निवडत होत्या. "काय झालं?" मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं... "आवं, उन्हानं डोस्कं फिरलंय का काय तुमचं? चिंधी भिजली म्हणून नांदती लेक उठवून आणू व्हय? तिची सासू पाय ठेवू दील का परत?"

त्यांचंही खोटं नव्हतं. मीच त्यांच्या जागी असते तर दुसरं काय म्हणाले असते?

घरी आले तर जेवणाच्या सुट्टीत आलेले हे परत कामावर निघालेले, दारातच थांबले. म्हणाले, "उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं तू जा. म्हणावं, आईला बरं न्हाई, न्यायला आलीया. मी हितं बसतो."

"खाडा करणार?" मी विचारलं. एवढ्या वर्षांत ह्यांनी खाडा केला नव्हता.

"रोज पाव इंचानं चढतंय," हे म्हणाले. "उद्या दीड होईल. दीड म्हणजे तीन फूट. कंबर." आणि खाली मान घालून बोलले, "ती लय उंच न्हाई गं."

बुधवारी पहाटेच स्टँडवर गेले. पेठ नाक्याला गाडी पंक्चर झाली. रस्त्याच्या कडेला उभं राहून मी कधी नव्हे ते देवाचं नाव घेतलं, लाज कसली त्यात. कराडला गाडी बदलून उंब्रजला उतरले तेव्हा ऊन पार डोक्यावर. विचारत विचारत घर गाठलं. सासू ओसरीवर सुपारी कातरत बसलेली.

"सुमन कुठाय?"

"आली का म्हायेरची वरात? नदीला गेलीया. समदी गल्ली सकाळच्याला धुणं धुती, हिला दुपार लागती. आन् तासतासभर. धुतीया का सपान बघतीया, त्ये त्या नदीलाच ठावं."

मी पाणीसुद्धा न घेता मागं फिरले. पळाले म्हणा. तेव्हा पस्तिशीची होते, पण पायांत चप्पल राहिली नाही.

घाटावर चिटपाखरू नव्हतं. दगडावर पिळून ठेवलेलं धुणं, नीट घडी घातल्यासारखं. त्यावर हिरव्या बांगड्या. काढून ठेवलेल्या. आणि पुढं, उन्हाळ्यातही जिथं डोह राहतो तिथं, पाठमोरी सुमी. पोपटी साडी. पाणी कमरेच्या वर.

"सुमे!"

ती वळली नाही. पुढचं पाऊल टाकायला खांदा हलला तिचा, मी बघितला. माझ्या तोंडून काय निघावं? "सुमे, कौलं भाजायची राहिलीत गं! एकटीनं किती करू मी?"

असलं बडबडले. वेडीच. पण ती थांबली. हळूहळू वळली. "मावशी?" इतक्या बारीक आवाजात, की पाण्यावरून आला म्हणून ऐकू आला. मी लुगड्यासकट पाण्यात उतरले आणि तिचा दंड धरला. थंडगार. हाडं हाताला लागत होती.

काठावर बसून मग ती बोलली. ओरडून नाही, रडून नाही, हिशेब सांगावा तशी. नवरा नेमणुकीवर गेल्यापासून नवऱ्याची पत्रं तिच्या हाती येत नव्हती. तिनं आईला लिहिलेली पत्रं चुलीत जात होती. जेवण सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर. "कुनाला सांगू, मावशी? रोज हितं यायची, आन् रोज येक पाऊल फुडं जायची. म्हटलं, कुनीतरी हाक मारंल. न्हाई मारली तर... आज ठरिवलं हुतं."

सासूला मी काय बोलले ते इथं लिहीत नाही, ग्रुपचे नियम आहेत. आईला बरं नाही एवढंच कारण पुरलं नसतं, पण माझं ओलं लुगडं आणि तोंड बघून ती दारातून बाजूला झाली. गाडीत सुमी माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली ती थेट सांगलीपर्यंत.

तिन्हीसांजेच्या आधी घरी पोचलो. हे अंगणात पाटावर बसलेले, सकाळी सोडले तिथंच. हातात पट्टी. सुमीकडं बघितलं, उठले, आत जाऊन तांब्या भरून आणला आणि तिच्या हातात दिला. पारूवहिनी तिला घेऊन गेल्या. लेकीचं तोंड बघून त्या माझ्या पाया पडायला लागल्या, ते जाऊ द्या.

मग हे बोलायला लागले.

"बारा वाजता कोरडी होती. मी नजर हलिवली न्हाई. बारा वाजून पाच मिन्टांनी खालनं ओली व्हायला लागली... माझ्या डोळ्यांदेखत. अर्धा. एक. सव्वा. दीडला थांबंल म्हटलं, तर थांबली न्हाई. पावणेदोनला आली. अगं, वर एक सूत राह्यलं हुतं, एक सूत! आन् थांबली. तितंच थांबली. मी श्वास धरून बसलो. मग ती रेघ खाली यायला लागली. पायरी पायरीनं. पाव पाव इंच. कापड वाळलं न्हाई गं, पाणी उतरलं. खालच्या काठापतूर आलं आन् गेलं."

"किती वाजले होते?"

"उतरायला लागली तवा बारा वीस."

माझ्याकडं घड्याळ नव्हतं. पण मी घाटाकडं पळत असताना गल्लीतल्या एका ओसरीवर रेडिओ लागला होता आणि बाई म्हणाली होती, बारा वाजून पंधरा मिनिटं. तिथून घाट पाच मिनिटांवर होता.

त्यानंतर ती साडी कधी ओली झाली नाही. पावसाळ्यात झाली, ती पावसानं, सगळीच्या सगळी.

पुढचं थोडक्यात सांगते. जावई रजेवर आले, सगळं ऐकलं, उंब्रजला जाऊन आले आणि सुमीला घेऊन सरळ आपल्या नेमणुकीच्या गावी क्वार्टरमध्ये गेले. भला माणूस. आता ती साताऱ्यात असते, पेन्शनीत दोघं मजेत आहेत. सूनही आलीय, आणि सुनेला आधी वाढते असं ऐकते. आमचे हे जाऊन बरीच वर्षं झाली. रूळ गंजले, गाव मातीला मिळालं.

आता तुमची कारणं मला माहीत आहेत. दव म्हणाल, भर दुपारी? योगायोग म्हणाल, पाव पाव इंचाचा? ह्यांनी आयुष्यभर लोखंड मोजलं. पट्टीनं मोजता येत नाही ते खरं नाही, असं मानणारा माणूस. आणि त्यांना पट्टीनं मोजता आलं, हीच तर पंचाईत! उत्तर त्यांच्याकडं नव्हतं, माझ्याकडंही नाही. पन्नास वर्षं झाली, अजून नाही.

सुमीला आम्ही हे कधी सांगितलं नाही. एकदाच तिनं विचारलं होतं, "मावशी, त्या दिवशी नेमक्या कशा आलात हो?" मी म्हटलं, "पहिली गाडी मिळाली, आले." पोरीनं उगाच घाबरून राहू नये म्हणून. पण आता तिचंही वय झालं, माझं तर झालंच. ती हा ग्रुप वाचते, मला ठाऊक आहे. तर सुमे, असं झालं होतं बघ. आता फोनवर विचारत बसू नको, सगळं फोनवर सांगता येत नाही. पहिल्या गाडीनं ये. पण लवकर ये गं.