बोळाच्या टोकाशी

लेक गणितात संशोधन करते. परवा ती सुट्टीला आली तेव्हा मी रवा चाळत होते. "तू नक्की करतेस काय, ते एकदा मला नीट सांग," मी म्हटलं. तिनं ताटातला रव्याचा ढीग बोटांनी हळूहळू कडेला सारला.

"आतलं सगळं वजन असं कडेवर झाडून न्यायचं. पण अशा बेतानं, की बाहेर उभ्या असलेल्याला त्या वजनाची ओढ, पृथ्वीची असते तशी, पूर्वीइतकीच जाणवली पाहिजे."

"म्हणजे कडेला सगळीकडे सारखं?"

"ताट गोल आणि ढीग मधोमध, म्हणून इथं सारखं. जागेतून लांब निघालेला चिंचोळा बोळ असला, तर त्याच्या टोकाशी जवळजवळ काहीच पोचत नाही. आकारावर असतं सगळं."

"माझ्यासारखीच झाडलोट करतेस की!" मी म्हटलं आणि दोघी खूप हसलो. तेवढ्यात बोळापलीकडच्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, "काय गं, काय झालं?"

अर्धांगाच्या झटक्यानंतर ह्यांना शांतता मिळावी, म्हणून तिथं खाट टाकली होती. घरातली माया आपोआप सगळीकडे सारखी पसरते, असं मी धरून चालले होते. ती कुठं किती पोचेल हे भिंतीही ठरवत असतील, हे कधी मनातच आलं नव्हतं.

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. आम्ही ह्यांना धरून खुर्चीत बसवलं आणि खाट ओढत ओढत स्वयंपाकघराच्या दाराशी आणली. हे उशीला टेकून बसले, ताटाच्या कडेला सारलेल्या रव्याकडे बघून हसले आणि लेकीला म्हणाले, "हं, आता पहिल्यापासून सांग."