शिखराच्या अलीकडून

आमच्या अहमदपुरात माणूस जन्मला तरी बोर्ड लागतो आणि मेला तरी लागतो. मधल्या काळात त्याने काही करून दाखवावं, याची वाट कुणी बघत नाही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसा अभिनंदनाचा बोर्ड कामाच्या आधी चौकात पोचतो. मला या बोर्डांचा पहिल्यापासून राग आहे, आणि उज्वलाबाईंची हकीकत सांगताना तो लपवायची माझी इच्छा नाही.

उज्वलाबाई आमच्या शाळेत खेळ शिकवतात, मी मराठी शिकवतो. माहेर शेतकऱ्याचं, सासरही शेतकऱ्याचं. डोंगर म्हणावा असा आमच्याकडे बालाघाटाचा एक थकलेला चढ, त्यावर गुरं चरतात. पाठीवर हरभऱ्याचं गाठोडं बांधून ही बाई रोज तो चढ चढते-उतरते, हे कळल्यावर गावाने आधी पोटभर हसून घेतलं. "वर जायची लई घाई झाली का बाई?" असं कुणीतरी विचारायचं. त्या म्हणायच्या, "हाव. तुम्ही येता का संगं?"

मग हिमाचलातल्या एका सहा हजार मीटरच्या शिखराच्या मोहिमेत त्यांची निवड झाली आणि तेच गाव अभिमानाने फुगलं. शाळेचे अध्यक्ष महादेवप्पा यांनी रजा मंजूर केली, निघताना नारळ दिला आणि स्वतःचा फोटो काढून घेतला.

त्याच मोहिमेत उदगीरचा अमरेश होता. धान्याच्या मोंढ्यातल्या आडत दुकानावर काम करणारा, अंगाने दणकट, बोलण्यात कानडी हेल. परक्या मुलखात आपली बोली ऐकू आल्यावर दोघांचं लगेच जमलं. शेवटच्या चढाईच्या आदल्या दिवशी छावणीजवळच्या एका डोंगरधारेवर कुठूनसं नेटवर्क आलं आणि दोघांच्या फोनवर फोटो येऊन पडले. अहमदपूरच्या चौकात उज्वलाबाई, उदगीरच्या चौकात अमरेश. मागे कुठल्यातरी परदेशातला बर्फ, वर ठळक अक्षरं: शिखर सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. खाली शुभेच्छुकांचे चेहरे शिखरापेक्षा मोठे. बाईंना हसू आवरेना. अमरेश मात्र फोटोकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी माथा समोर दिसत असताना अमरेशचे पाय वाकडे पडू लागले. जीभ जड झाली. मध्येच थांबून तो हातमोजे काढायला लागला, उकडतंय म्हणाला. एवढ्या उंचीवर माणूस असं करू लागला की त्याला ताबडतोब खाली न्यावं लागतं, हे दोघांनाही शिकवलेलं होतं.

दोरावर त्याच्या मागे असलेल्या बाई म्हणाल्या, "अमरेश, फिर मागं."

"कसं फिरू ताई? बोर्ड लागलाय."

पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच उत्तर. बोर्ड लागलाय. बाईंनी माथ्याकडे पाहिलं. त्यांचं अंग ठणठणीत होतं, वाटाड्याबरोबर त्याला खाली धाडून बाकीच्यांसोबत पुढे जाता आलं असतं. पण तो वाटाड्याचं ऐकेना, आणि झटापट करणाऱ्या माणसाला त्या उतारावरून एकट्याने उतरवणं शक्य नव्हतं. बाईंनी त्याच्या कानाखाली एक वाजवली, दोर आखडून घेतला आणि वाटाड्याच्या मदतीने त्याला खाली आणला. अमरेश वाचला. हे मला सांगताना बाई रडल्या. माथा हुकल्याचं त्यांना फार लागलं होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"पन सर, तिथून अहमदपूर दिसत न्हाई," त्या म्हणाल्या. "आपलं काहीच दिसत न्हाई. मला वाटलं, ज्या चौकाला भिऊन हा मरून राहिला, तो चौक हाय कुठं?"

परत आल्या तेव्हा चौकात बोर्ड तसाच होता आणि सत्काराची तारीख ठरली होती. आपण शिखरावर पोचलो नाही, हे त्यांनी महादेवप्पांना माझ्यासमोर सांगितलं.

"तिथं कोन बघाया जातंय?" महादेवप्पा म्हणाले. "पाव्हणे बोलावलेत. पोचले म्हना, इषय संपला. पुढच्या साली रजा पाहिजे ना तुम्हाला?"

रजा तर पाहिजेच होती. तोच डोंगर पुन्हा चढायचा, हे बाईंनी उतरतानाच ठरवलेलं. सासू साखराबाईंना विचारलं, तर त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "शिर सलामत तर पगडी पचास. खोट्या फेट्यापायी मान कशाला वाकवतीस?"

सत्काराला मंडप भरला. बाईंना फेटा बांधला, शाल पांघरली, माईक हातात दिला.

"मी शिखर सर केलेलं न्हाई," बाई म्हणाल्या. "अलीकडून परत आले. असाच एक बोर्ड उदगीरला लागला होता. तो खोटा पडू नये म्हनून एक मानूस जीव द्यायला निघाला होता. माझा बोर्ड मी ठिवनार न्हाई."

फेटा काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि थेट चौकाची वाट धरली. मंडप रिकामा झाला. फुकटचा तमाशा कोण सोडतो. महादेवप्पा पाहुण्यांना तसेच टाकून धापा टाकत मागे आले. बाईंनी पदर खोचला आणि बोर्डाच्या बांबूवर चढायला लागल्या. वर जाऊन एकेक सुतळी कापली. शुभेच्छुकांसकट सगळा बोर्ड रस्त्यावर पालथा पडला. गर्दीत कुणी हसलं नाही, मी सोडून.

महादेवप्पांचा चेहरा लाल झाला होता. "रजा इसरा आता," ते खालून ओरडले. "उतरा खाली, बाई."

"उतरते की," बाई वरून म्हणाल्या. "उतरता येतंय म्हनून तर तुम्हाला जित्ती दिसून राहिले."