बशीखालचा आरसा

म्युनिकला जपानी भांड्यांचं प्रदर्शन बघायला जायचं हे दादाने ठरवलं. मला विचारायची पद्धत आमच्याकडे नाही. दादा एर्लांगेनला प्रबंध लिहितोय: विजेच्या खांबांवरचे चिनी मातीचे इन्सुलेटर का तडकतात. सूक्ष्मदर्शकात डोळा घालून त्या तड्यांची चित्रं काढते मी. बाबांनी आम्हा दोघांना आधी घरीच शिकवलं. गणित त्याच्या वाट्याला गेलं, पेन्सिल माझ्या.

रविवारचं परतीचं तिकीट काढावं, स्वस्त पडतं. न्यूर्नबर्गला गाडी बदलायची. मी फलाट तीन जणांना विचारला. शाकाहारी माणसाने डबा न्यावाच. स्टेशनावरच्या "नुसत्या बटाट्यां"तून मांसाचे तुकडे निघाले. वाढणारी म्हणाली, "ते चवीपुरते!"

गाडीत धीर करून विचारलं, "दादा, चित्रांखाली माझं नाव येईल ना?"

"आभारात येईल की."

"कुठे?"

"आईबाबांच्या नंतर. अगं कुंदे, तडे मातीला गेलेत. तू नुसती गिरवतेस."

संग्रहालयात लोक गाभाऱ्यात आल्यासारखे कुजबुजत होते. एका फुटक्या वाटीसमोर एकाने चक्क टोपी काढली. माहिती सांगणाऱ्या बाई एका चौकोनी बशीपाशी थांबल्या. दोन भावांचं काम. बशी धाकट्याने घडवलेली; तिच्यावर काळपट रंगात, चार फटकाऱ्यांत, थोरल्याने बगळा काढलेला.

"थोरल्याची सही चित्रात, धाकट्याची मागे," बाई म्हणाल्या.

"मग बशी कोणाची?" एका आजोबांनी विचारलं.

"दोघांची. गेनाऊ, नेमकं तेच! म्हणून तर खाली आरसा ठेवलाय."

दादाने मला मराठीत सांगितलं, "थोरला मोठा चित्रकार होता." संपलं भाषांतर! मला जर्मन कळत नाही, ही त्याची सोयीची समजूत. आरशात बघायला तो वाकलाही नाही. मी वाकले. सही मोठी, ठसठशीत होती. लपलेली मुळीच नव्हती.

परतल्यावर शेवटची चित्रं शाईने पक्की केली आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात नाव लिहिलं.

दादा ओरडला, "हे काय? प्राध्यापक विचारतील!"

"मग सांग त्यांना."

"खोड आधी!"

"शाई आहे."

प्रदर्शनाला जावं का? जरूर जावं. फक्त वाकायची तयारी ठेवावी. दादाने स्वतः काढलेले दोन वाकडे आलेख मात्र मी बिनसहीचे ठेवले. ते माझं काम नव्हतं, आणि तसा संशयही कोणाला यायला नको.