गमछ्यात गुंडाळलेल्या तीन बाटल्या

माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने मला फसवलं. हॉटेलातल्या माणसांसमोर त्याने माझ्यापुढे तीन ग्लास ठेवले, तिन्हींत एकच वाइन ओतली, आणि मी तीन वेगळ्या वाइनींचं वर्णन करत राहिलो.

बनारसला मंगला गौरीच्या गल्लीतल्या आमच्या घरात वाइन उंबऱ्याच्या आत येत नाही. वडील जेवणानंतर द्राक्षासव घ्यायचे, पण ते औषध. म्हणून वाइनचा धंदा मी कँटोन्मेंटच्या बाजूला एका खोलीत सुरू केला. मला कोणी शिकवलं नाही. नाशिकला जाऊन द्राक्षमळ्यांवर उभा राहिलो, चव घेतली, लोक कंटाळेपर्यंत प्रश्न विचारले. पुढे बनारसच्या हॉटेलांना वाइन पुरवू लागलो, भावालाही हाताशी घेतलं. भाव पाडायची माझी रीत साधी होती. ग्लास हुंगायचा, खाली ठेवायचा आणि काही बोलायचं नाही. विकणारा आपणच घाबरून भाव खाली आणायचा, कारण माझं नाक चुकत नाही हे त्याला ठाऊक असायचं.

वेटर लोकांना मी त्यांच्याच भाषेत शिकवायचो. आधी पांढऱ्या कापडावर धरून रंग बघा. मग ग्लास फिरवा, नाक आत घाला, घाई करू नका. जांभूळ येतंय का, फालसा येतोय का, काळी मिरी? एका वाइनला गंगेच्या पुरानंतर पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर गाळ वाळताना येतो तसा वास असतो, ती मला सगळ्यांत आवडायची. मगच छोटा घोट, तोही तोंडभर फिरवायचा. हिरड्या आवळल्या तर समजा, पानात कात जास्त झाल्यावर होतं तेच हे.

गेल्या हिवाळ्यात ताप आला. ताप गेला आणि जाताना वासही घेऊन गेला. आंबट, गोड, तुरट एवढं जिभेला कळतं, बाकी सगळं पाणी. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, वाट पाहा. मी त्यांच्याशीही घासाघीस करून पाहिली. महिनाभरात येईल का, निम्मा तरी येईल का? ते नुसते हसले. रोज सकाळी दार लावून हिंगाच्या डबीत नाक खुपसतो. डोळ्यांत पाणी येतं, वास येत नाही. घरात कोणाला बोललो नाही. वाइनचं वर्णन आठवणीतून करायचो, आणि ते चालून जायचं.

उन्हाळ्यात त्या हॉटेलने आपल्या लोकांना शिकवायला बोलावलं. नाव दिसू नये म्हणून आम्ही बाटल्या गमछ्यात गुंडाळतो. भावाने तशाच तीन आणल्या, ओतल्या. मी पहिलीत जांभूळ सांगितलं, दुसरीत मिरी. तिसरीवर तर इतका बोललो की दोघेजण लिहून घेऊ लागले. हॉटेलचा मॅनेजर हसत म्हणाला, "भाईसाहब, हमको तो तीनों एक ही लग रही हैं।"

मी म्हणालो, "ज़र्दा कम खाइए, फ़र्क़ दिखने लगेगा।" सगळे हसले. भाऊ हसला नाही, ते मी पाहिलं.

सामान आवरताना खोक्यात हात घातला. त्या दिवशीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वाइनच्या बाटल्या तिथे तशाच होत्या, न उघडलेल्या. बुचं वर सरकलेली, कडेने वाइन पाझरून चिकट झालेली. उन्हाळ्यातली लू, ती गरम झळ, चालू असताना माल बंद ट्रकमध्ये पडून राहिला की असं होतं. वाइन आतल्या आत शिजते. वाया गेलेली वाइन नुसती जवळ धरली तरी ओळखू येते. मी जवळ धरली. काही नाही.

घरी आल्यावर बायकोसमोरच त्याला धरलं. खूप बोललो, गल्लीत ऐकू गेलं असेल. तो खाली बघत म्हणाला, "दादा, दुसरा चांगला माल हाताशी नव्हता. ती शिजलेली बाटली तुमच्यापुढे ठेवली असती, तर तुम्ही तिची तारीफ केली असती."

बायको म्हणाली, "अहो, त्या दिवशी तुमच्या शेजारीच दूध करपत होतं आणि तुम्ही पेपर वाचत होता. मी तेव्हाच ओळखलं."

म्हणजे हिला ठाऊक, त्याला ठाऊक, आणि मी रोज दार लावून हिंग हुंगतो. आयुष्यभर मी एक पैसाही भांडल्याशिवाय सोडला नाही, आणि या दोघांनी मला न भांडता जिंकू दिलं. दया म्हणून.

धंदा अजून चालतो. भाऊ ग्लास हातात देतो, मी नाक आत घालतो, आणि वाइन चांगली की वाईट हे त्याच्या चेहऱ्याकडे बघून सांगतो. तो खरं दाखवतोय की नाही, हे मला कसं कळणार? विचारलं की तो बाटल्या मोजायला जातो, बायको स्वयंपाकघरात जाते. मला दयेचं मलम नको आहे. माझं नाक गेलं हे सगळ्यांना कळावं आणि मलाच सांगू नये, असं तुम्हा दोघांपैकी कोणी ठरवलं? माझ्यासमोर बसा आणि उत्तर द्या.