आप्पांच्या कोट्या आणि उत्तरेचं तळं

शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात माझे वडील, आप्पा, पुण्याहून आमच्याकडे अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला आले. त्यांना शब्द दिसला की कोटी करायची सवय. माझ्या नऊ वर्षांच्या रेवाला मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. मी मधे बसून प्रत्येक कोटी तिला समजावायचे, आणि समजावलेली कोटी म्हणजे गार भजी. हळूहळू आप्पा गप्पच राहायला लागले. ते परत जायला आठवडा उरला, तेव्हा श्रीधर, माझा नवरा, म्हणाला, "चला, उत्तरेला जाऊन येऊ."

शनिवारी सकाळी निघालो. हायवे सरळ आहे, मॅकिनॉच्या पुलापर्यंत पाच तास. वाटेत रेस्ट एरियात पोळी-भाजी खाल्ली. पूल लांबलचक, त्यात वारा. श्रीधरने स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. टोलनाका पलीकडच्या टोकाला, दीड डॉलर.

"इतका वेळ तोल सांभाळलात श्रीधरराव, आता टोल सांभाळा!" आप्पा म्हणाले.

आम्ही दोघं हसलो.

"व्हॉट्स सो फनी?" रेवाने विचारलं. मी सांगायला वळले, तर आप्पाच म्हणाले, "राहू दे गं. कशाला तिला त्रास?" रेवाने खिडकीकडे तोंड फिरवलं.

रात्री एका साध्या मोटेलात राहिलो. रविवारी सकाळी तळ्यावर पोचलो. (स्वेटर न्या, ऑगस्टातही पाणी बर्फासारखं.) पलीकडचा काठ दिसतच नव्हता. आप्पा एका ओंडक्यावर बसले. रेवा काठावरच्या पाटीपाशी बराच वेळ उभी होती. मग पळत त्यांच्याकडे आली.

"आजोबा, लेक म्हणजे डॉटर ना?"

"हो."

"मग ती पाटी वाचा. लेक सुपीरियर. ती मी!"

आप्पांनी पाटीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि ठसका लागेपर्यंत हसले. डोळे पुसत म्हणाले, "आणि माझी लेक?"

रेवाने मला न्याहाळलं. "ती लेक मिशिगन. मिशिगनमधे राहते ना!"

परतताना मी पुढे नकाशा घेऊन बसले. मागे दोघांच्या कोट्या चालल्या होत्या, अर्थ मला कुणी विचारला नाही.

त्या सहलीचे फोटो पांढरे फटक आलेत. स्पष्ट आठवते ती सोमवारची सकाळ. मी ऑफिसला निघाले होते. स्वयंपाकघरात रेवा सांगत होती, "आजोबा, तुमचा हा कोटी एकदम वाईट होता."

आयुष्यभर पोरांचं व्याकरण सुधारणारे आप्पा आनंदाने म्हणाले, "हो गं, फारच वाईट होता."