मनीषाचा दुसरा पेपर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि मनीषाला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून असेल कदाचित.

मनीषा आणि मी लंडनच्या कडेला, हाउन्सलोत, एकाच रस्त्यावर राहायचो. दोघी नवऱ्यांच्या नोकरीपायी इथे आलेल्या, दोघींकडे तिकडच्या डिग्र्या, आणि इथे त्यांना कुणी विचारत नव्हतं. ती एअरपोर्टवरच्या दुकानात परफ्युम विकायची, मी वेअरहाउसमध्ये पार्सलं स्कॅन करायचे. आयटी सपोर्टचं सर्टिफिकेट करायचं, ही कल्पना तिची. अगदी पहिल्या पायरीचं — बिघडलेला कॉम्प्युटर कसा बघायचा, नेटवर्क कसं जोडायचं, एवढंच. दोन पेपर. मुलं शाळेत गेली की आम्ही लायब्ररीत जाऊन बसायचो. नेटवर्कचं काही माझ्या डोक्यात शिरायचं नाही. ती परत परत समजावायची. "अगं सोपंय, घाबरतेस काय!"

खरं सांगू? ती माझ्यापेक्षा हुशार होती. हे मला तेव्हाच कळत होतं — आणि बोचतही होतं.

पहिला पेपर दोघी पास झालो. दुसऱ्याच्या वेळी तिचा मुलगा आजारी पडला, म्हणून तिने तो पुढे ढकलला. मी दिला. आणि थोड्याच दिवसांत बेसिंगस्टोकच्या एका ऑफिसात हेल्पडेस्कवर लागलेसुद्धा.

मुलाखतीत मॅनेजरने सरळच सांगितलं होतं — तुम्हाला इथला अनुभव नाही, सीव्हीवर हे सर्टिफिकेट नसतं तर आम्ही बोलावलंच नसतं. काम नीट जमायला लागलं तेव्हा त्याने सहज विचारलं, आणखी एक जागा निघतेय, तुमच्यासारखं कुणी आहे का ओळखीत?

मी नाही म्हणाले.

का म्हणाले? या देशात पहिल्यांदाच कुणीतरी मला नावाने हाक मारून मदत मागत होतं. मनीषा आली असती तर सहा महिन्यांत सगळे तिलाच विचारायला लागले असते. एवढंच कारण. याहून मोठं काही नाही.

पण गोष्ट तिथेच थांबली असती तरी — नाही, थांबली नाही. त्याच आठवड्यात ती घरी आली. पहिल्या पगाराचे पेढे मीच द्यायचे, तर तीच घेऊन आली होती. म्हणाली, "खरं सांग, सर्टिफिकेटचा उपयोग झाला का गं? दुसऱ्या पेपरची फी भरू की नको?"

"नाही गं," मी म्हणाले. "कुणी बघितलंसुद्धा नाही. माझा पुण्यातला अनुभव बघून घेतलं त्यांनी. उगीच पैसे घालवू नकोस."

"बरं झालं विचारलं," ती म्हणाली. आणि मला मिठी मारली.

तिने तो पेपर कधीच दिला नाही.

मग गेल्या भीमजयंतीला, हॉलमध्ये जेवणं चालू असताना, नागपूरहून नवीनच आलेली प्राजक्ता त्याच सर्टिफिकेटबद्दल विचारत होती. मनीषा तिला म्हणाली, "फुकट जाईल. विचार हिला, ही आयटीत आहे." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काय केलं असेल? मान डोलावली.

त्या संध्याकाळी प्राजक्ताला स्टेशनवर सोडताना मात्र गाडीत माझ्या तोंडून निघून गेलं — कर तू ते. नुसत्या त्याच्यावर नोकरी मिळत नाही, पण ते असलं की निदान मुलाखतीला तरी बोलावतात. बाकी मग तुझ्यावर. तिने केलं. आता ब्रिस्टलला सपोर्टमध्ये आहे. आणि भोळेपणाने तिने मनीषाला फोन करून सांगितलं, "ताईंनीच सांगितलं होतं, कर म्हणून."

मनीषाने मला चहाला बोलावलं. ती अजून त्याच दुकानात आहे, शिफ्टवरून नुकतीच आली होती, पाय वर घेऊन बसली होती. चिडलेली नव्हती. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "मला तेव्हा नको का म्हणालीस?"

बोलायची वेळ हीच होती. ती समोर होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. शब्द तोंडापर्यंत आलेही होते —

"तेव्हा तसं नव्हतं गं," मी म्हणाले. "आता मार्केट बदललंय."

ती म्हणाली, "हो. असेल." आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.

मार्केट बदललेलं नव्हतं. तेव्हाही ते असंच होतं, आणि मला ते माहीत होतं.