ओर्लाच्या भावाचा टँकर

टँकर सीमेवर अडकला होता आणि ओर्ला स्क्रीनकडे बघत होती.

तशी ती सीमा खरी नव्हती. २०१९च्या सुरुवातीची गोष्ट. सिंगापूरला, विमानतळाजवळच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात आम्ही मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर टेस्ट करत होतो. ब्रिटन मार्चअखेर युरोपियन युनियनमधून बाहेर पडणार होतं. कराराशिवाय पडलं तर कुठला ट्रक अडवायचा, कुठला सोडायचा, हे आमच्या सिस्टीमने सांगायचं. त्यासाठी टेस्ट सिस्टीमची तारीख आम्ही एप्रिलमध्ये नेऊन ठेवली होती. सगळं जग फेब्रुवारीत आणि आम्ही एप्रिलमध्ये! काचेबाहेर विमानं आवाज न करता उतरायची. संध्याकाळी MRT ट्रेनमध्ये बसले की आज कुठला महिना, हे मला क्षणभर आठवायचंच नाही. खरं सांगते, ते तरंगणं मला आवडायचं.

ओर्ला आमची बिझनेस अ‍ॅनालिस्ट, म्हणजे नियम समजावून देणारी. आयर्लंडची. तिच्या भावाच्या गाई उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत. दूध जायचं जवळच्याच डेअरीत, पण ती दक्षिणेत, युनियनच्या हद्दीत. मध्ये ना जकात नाका, ना चौकी. टेस्टला एखादा टँकर हवा होता, तर तिनेच हौसेने भावाचा घातला. उत्तर आलं, होल्ड.

"काही चुकलंय का?" मी विचारलं.

"नाही गं. दुधाला जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागणार, तपासणी लागणार. तुझी टेस्ट पास झाली."

आमच्या धंद्याची ही तऱ्हा. टँकर अडला की आम्ही पास.

आता तिने साइन-ऑफ द्यायचा होता. म्हणजे 'बरोबर आहे, असंच चालू करा' असं लेखी म्हणायचं.

"दूध थांबत नाही," ती हळूच म्हणाली. "रोज असं अडलं तर भाऊ गाई विकेल. दुसरं काय करणार?"

मला फार वाईट वाटलं. नियम बदलणं काही माझ्या हातात नव्हतं. मी सिस्टीमची तारीख मागे आणली, आजची केली, आणि टँकर पुन्हा सोडला. नकाशावरचा हिरवा ठिपका सरकू लागला.

"इथे चढ आहे," ओर्ला म्हणाली. "इथे टँकर हळू होतो. आता डावीकडे आमची शाळा."

नकाशावर नुसती एक रेघ होती. पण मला चढ दिसला, शाळा दिसली, ओलं गवतही दिसलं. ठिपका डेअरीत पोचेपर्यंत आम्ही दोघी बघत राहिलो.

मग तिने स्वतःच तारीख पुन्हा एप्रिलची केली आणि साइन-ऑफ दिला.

मार्च संपता संपता बातमी आली, मुदत वाढली. आमचे मॅनेजर मिस्टर कोह डेस्कपाशी आले आणि त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले, "पोस्टपोन ऑलरेडी. टर्न ऑफ, कॅन?"

ओर्लाने मला मिठीच मारली आणि भावाला फोन लावला. "टळलं रे," ती सांगत होती. "आईलाही सांग."

मी कोहना विचारलं, "मग हा सगळा कोड डिलीट करू?"

"डिलीट फॉर व्हॉट? कीप लाह. नेक्स्ट टाइम यूज."

मी एका क्लिकमध्ये ते नियम बंद केले. चालू करायलाही तेवढंच लागणार होतं. ओर्ला फोनवर हसत होती, म्हणून मी हे तिला सांगितलं नाही. सीमा एकदा लिहून झाली की तिला कोणी पुसत नाही, नुसती बंद करून ठेवतात.